कुंपणापलीकडचे नागरिक : दीडशे यार्डांच्या पट्ट्याचे प्रकरण

पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात, करीमपूरच्या परिसरात, चर मेघना नावाचे एक गाव आहे. गावाच्या एका अंगाला माथाभांगा नदी आणि नदीपलीकडे बांगलादेश, तर दुसऱ्या अंगाला भारत सरकारने घातलेले काटेरी कुंपण. गावकरी भारताचे मतदार आहेत, त्यांच्या शिधापत्रिका भारतीय आहेत आणि ज्या जमिनीवर ते राहतात ती 2015 मध्ये भारत-बांगलादेश भूसीमा करार अमलात आल्यानंतर निर्विवादपणे भारताची ठरली आहे. तरीही बाजार किंवा दवाखाना गाठायचा असेल तर त्यांना कुंपणातील फाटकापाशी यावे लागते, सीमा सुरक्षा दलाच्या जवानाला ओळखपत्र दाखवावे लागते आणि परतीची वेळ चुकणार नाही याची काळजी घ्यावी लागते. बंगालीत या कुंपणाला ‘काँटातार’ म्हणतात. अशी काँटातारेपलीकडची वस्ती आणि शेती पश्चिम बंगालपासून त्रिपुरापर्यंत अनेक ठिकाणी आढळते.

सीमेवरील भिंत व्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येते काय, हा प्रश्न बहुधा भिंतीबाहेरच्या परक्या माणसाला समोर ठेवून विचारला जातो. त्याला आत येण्याचा हक्क आहे का, आणि नसल्यास त्याला अडवण्यासाठी किती बळ वापरता येईल, या दोन मुद्द्यांभोवती वाद फिरत राहतो. भारत-बांगलादेश सीमेचे प्रकरण अभ्यासासाठी निवडण्याचे कारण असे की येथे कुंपणाचा रोजचा जाच सर्वाधिक सोसणारा माणूस परका नाही. तो याच देशाचा नागरिक आहे, याच देशाच्या भूमीवर उभा आहे आणि फक्त कुंपणाच्या चुकीच्या बाजूला सापडला आहे.

पट्टा कसा निर्माण झाला

बाहेरचा माणूस थोपवण्यासाठी घातलेले कुंपण आतल्या माणसाला बाहेर का ठेवते, याचे उत्तर एका जुन्या दस्तऐवजात आहे. 1975 मध्ये भारत आणि बांगलादेश यांच्या सीमा अधिकाऱ्यांसाठी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे ठरली. त्यांनुसार शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, दोन्ही बाजूंना 150 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 137 मीटरच्या आत कोणत्याही देशाने संरक्षणात्मक स्वरूपाचे बांधकाम करू नये असे मान्य झाले. त्या वेळी कुंपणाची कल्पना कोणाच्या मनात नव्हती. खंदक आणि पक्क्या चौक्या समोरासमोर येऊ नयेत एवढाच हेतू होता. पुढे बांगलादेशातून होणाऱ्या स्थलांतराविरुद्ध आसाम आंदोलन झाले, 15 ऑगस्ट 1985 रोजी आसाम करार झाला आणि सीमेवर भिंती, काटेरी तारा व अन्य अडथळे उभारण्याचे वचन केंद्र सरकारने त्या कराराच्या नवव्या कलमात दिले. 1986 पासून कामास मंजुरी मिळत गेली. बांगलादेशाने कुंपण हेच संरक्षणात्मक बांधकाम असल्याचा आक्षेप घेतला. भारताने ती व्याख्या मनापासून स्वीकारली नाही, पण वाद नको म्हणून कुंपण सर्वसाधारणपणे 150 यार्ड मागे घेतले.

कागदावर ही तडजोड समंजस वाटते. जमिनीवर मात्र तिचा अर्थ असा झाला की सीमेलगतचा भारताचाच एक पट्टा कुंपणाबाहेर पडला. 17 ऑगस्ट 1947 रोजी जाहीर झालेली फाळणीची रॅडक्लिफ रेषा शेते, तळी, वाड्या आणि गल्ल्या यांमधून गेलेली आहे. दक्षिण दिनाजपूरमधील हिली येथे ती भर वस्तीतून जाते. अशा दाट लोकवस्तीच्या मुलखात 137 मीटर ही रिकामी जागा नसते. तेथे कोणाचे घर असते, कोणाचा ताग असतो, कोणाचे दफनस्थान किंवा देऊळ असते.

या पट्ट्याच्या आकाराची कल्पना साध्या गणिताने येते. 137 मीटर रुंदीचा पट्टा प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे 34 एकर जमीन बाहेर ठेवतो. दोन्ही देशांमधील 4,096.7 किलोमीटर सीमेपैकी सुमारे 3,232 किलोमीटरवर कुंपण झाल्याचे सरकारने 2025 च्या आरंभी संसदेत सांगितले. सर्वत्र नेमके 150 यार्ड सोडले असते तर बाहेर पडलेली जमीन एक लाख एकरांच्या पुढे गेली असती. प्रत्यक्षात काही ठिकाणी कुंपण परस्पर संमतीने रेषेच्या जवळ आहे आणि नदीच्या वळणांमुळे काही ठिकाणी ते बरेच आत आहे, त्यामुळे हा आकडा मोजणी म्हणून नव्हे तर केवळ प्रमाण समजण्यासाठी घ्यावा. तुलनेसाठी, 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री ज्या छिटमहलांची (दुसऱ्या देशाच्या भूमीने वेढलेल्या तुकड्यांची) अदलाबदल झाली, त्यांत भारताने 17,160 एकरांचे 111 छिटमहल दिले आणि 7,110 एकरांचे 51 घेतले. दोन्ही मिळून सुमारे 24,270 एकर. त्यासाठी 1974 चा करार, 2011 चा पूरक करार आणि शेवटी 100 वी घटनादुरुस्ती इतका प्रवास करावा लागला. काँटातारेपलीकडच्या पट्ट्याचे सार्वभौमत्व बदललेले नाही, म्हणून त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नव्हती, हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण तेथील माणसाच्या जगण्याचे नियम बदलले आणि त्यासाठी संसदेने एका ओळीचाही स्वतंत्र कायदा केला नाही, हेही तितकेच खरे आहे.

फाटक

कुंपण म्हणजे खांबांच्या दोन रांगा, त्यांवर ताणलेल्या काटेरी तारा आणि दोन्ही रांगांच्या मधल्या जागेत तारेची गुंडाळी. ठराविक अंतरावर फाटके आहेत. ती दिवसा नेमून दिलेल्या वेळांत उघडतात. शेतकरी मतदार ओळखपत्र दाखवतो किंवा जमा करतो, नोंदवहीत त्याचे नाव चढते, बरोबरची अवजारे, खत आणि जनावरे पाहिली जातात आणि मग तो स्वतःच्या शेतात जातो. संध्याकाळी उलट क्रमाने हेच घडते. त्याखेरीज सीमेलगतच्या पट्ट्यात रात्रीच्या संचारास मनाई करणारे आदेश जिल्हा दंडाधिकारी काढत असतात.

शेतीची कामे घड्याळ पाहून होत नाहीत, हे ज्याने चार दिवस शेतात काढले आहेत त्याला सांगावे लागत नाही. भाताला पहाटे पाणी सोडायचे असते, अवकाळी पावसाची चिन्हे दिसली की कापलेले पीक रात्रीतून झाकायचे असते. पिकांची निवडही मोकळी राहत नाही. नदिया आणि मुर्शिदाबाद हे तागाचे जिल्हे. पण वाढलेला ताग माणसाच्या डोक्यावर जातो, त्यात लपता येते, म्हणून कुंपणालगत उंच पिके घेण्यास सुरक्षा दलाची हरकत असते. मजूर फाटकापलीकडे कामाला यायला नाखूश असतात, कारण त्यांनाही तीच तपासणी. अशा जमिनीला गिऱ्हाईक मिळणे कठीण, आणि पलीकडच्या घरात मुलगी द्यायला लोक कचरतात ही तक्रार सीमेवर नेहमीची आहे. प्रसूतीच्या कळा किंवा सर्पदंश रात्री झाला तर फाटक उघडले जाते, नाही असे नाही. पण ते पहाऱ्यावरच्या जवानाने वरिष्ठांना विचारल्यानंतर उघडते. जवान भला असेल तर पाच मिनिटांत, नसेल तर त्याहून उशिरा.

या प्रकरणाचा गाभा याच ठिकाणी आहे असे मला वाटते. फाटकातून जाणे हा गावकऱ्याचा हक्क आहे की त्याला दिलेली सवलत, याचे उत्तर कोठेही लिहिलेले नाही, आणि जे लिहिलेले नसते ते व्यवहारात सवलतच ठरते.

जमिनीच्या मोबदल्याचेही असेच आहे. कुंपण आणि त्यालगतचा गस्तीचा रस्ता यांच्याखाली गेलेली जमीन रीतसर संपादित होते व तिचे पैसे मिळतात. पलीकडे राहिलेली जमीन मात्र संपादित होत नाही. सातबारा म्हणा किंवा बंगालमधील खतियान म्हणा, मालकाच्या नावावरच राहतो. मालकी शाबूत, उपभोग अर्धामुर्धा, आणि नुकसान झाले असे म्हणायला कायद्याचे कलम नाही. पंजाबात पाकिस्तान सीमेवर हाच प्रश्न आला तेव्हा शेतकऱ्यांनी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात दाद मागितली आणि कुंपणापलीकडच्या जमिनीसाठी एकरी वार्षिक 10,000 रुपये भरपाई ठरली. पैसे वेळेवर मिळत नाहीत अशी ओरड तेथेही आहे, पण निदान नुकसान होते हे तत्त्व मान्य झाले.

कायद्याच्या कसोटीवर

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(घ) आणि (ङ) अन्वये प्रत्येक नागरिकास देशाच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा आणि कोठेही राहण्याचा हक्क आहे. अनुच्छेद 19(5) सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालू देतो. हे दोन्ही हक्क फक्त नागरिकांचे आहेत. परदेशी व्यक्तीला अनुच्छेद 21 मधील जीवित व स्वातंत्र्याचे संरक्षण मिळते, पण भारतात येण्याचा वा स्थायिक होण्याचा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये लुई डी रेड्ट प्रकरणात स्पष्ट केले. आंतरराष्ट्रीय कायद्याची भूमिका फारशी वेगळी नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे 13 वे कलम कोणताही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क सांगते. परक्या देशात शिरण्याचा हक्क सांगत नाही. बर्लिनची भिंत हक्कांच्या विरोधात होती ती मुख्यतः याच कारणाने: ती आपल्याच लोकांना बाहेर जाऊ न देण्यासाठी 1961 मध्ये उभी राहिली होती. केवळ प्रवेश रोखणारी भिंत त्या पंक्तीत आपोआप बसत नाही, आणि बसवण्याचा अट्टहास करणाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही.

शिवाय कुंपणाच्या बाजूचे म्हणणे केवळ राष्ट्रवादी घोषणांचे नाही. या सीमेवरून गुरांची, खोकल्याच्या औषधांची आणि बनावट नोटांची तस्करी होते. मुली व स्त्रियांची विक्री करणाऱ्या टोळ्यांचा हा जुना मार्ग आहे. रात्री गोठ्यातून बैल चोरून पलीकडे नेले जात, ती भीती कुंपणानंतर कमी झाली असे सांगणारे शेतकरी कुंपणाच्या आतल्या गावांत आहेत आणि त्यांच्या सुरक्षिततेलाही हक्क म्हणूनच मोजले पाहिजे. आसाममधील स्थानिकांच्या भाषिक व सांस्कृतिक अस्तित्वाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने वारंवार गंभीरपणे घेतला आहे. डिसेंबर 2014 मधील आसाम संमिलित महासंघाच्या प्रकरणात तर न्यायालयानेच कुंपण पूर्ण करण्याचे निर्देश केंद्राला दिले. म्हणजे कुंपण असावे की नसावे हा वाद भारतीय न्यायव्यवस्थेपुरता जवळपास संपलेला आहे.

उरतो तो प्रमाणबद्धतेचा प्रश्न. निर्बंधाचा हेतू वैध हवा, निर्बंध आणि हेतू यांत तर्कसंगत नाते हवे, तोच हेतू कमी जाचक उपायाने साधता येत नसावा आणि होणारा लाभ व होणारी हानी यांचे पारडे फार असमान नसावे, अशी ही कसोटी आहे. 2016 च्या मॉडर्न डेंटल कॉलेज निकालात आणि 2017 च्या पुट्टस्वामी निकालात ती आपल्याकडे रुजली. त्याआधीची अट अशी की निर्बंधाला कायद्याचा आधार हवा. फाटकाच्या वेळांना असा आधार कोणता, हे शोधू गेल्यास संसदेचा विशिष्ट कायदा सापडत नाही. सुरक्षा दलाची प्रशासकीय व्यवस्था आणि दंडाधिकाऱ्यांचे मनाई आदेश एवढेच हाती लागते. हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघत असत आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. ते मुळात तातडीच्या प्रसंगासाठी आहेत आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश दोन महिन्यांपेक्षा अधिक टिकत नाही. तोच आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात बजावले आहे. जो निर्बंध एका पिढीच्या आयुष्यभर चालतो, त्याला तातडीचा म्हणणे अवघड आहे.

कमी जाचक उपायाच्या मुद्द्यावर भारताचेच एक उदाहरण सरकारची बाजू लंगडी करते. कूचबिहार जिल्ह्यातील तीन बिघा या चिंचोळ्या पट्टीतून बांगलादेशाच्या दहग्राम-आंगरपोता या भागातील रहिवाशांना आपल्या मुख्य भूमीकडे जाता यावे म्हणून भारताने 1992 मध्ये वाट खुली केली. आरंभी ती दिवसातील ठराविक तासच उघडी असे. 2011 मध्ये उभय देशांत समझोता झाला आणि ती चोवीस तास खुली झाली. हा निर्णय योग्यच होता. परंतु परदेशी नागरिकांना भारतीय भूमीवरून रात्रंदिवस ये-जा करू देण्यात सुरक्षेची अडचण पेलता येत असेल, तर भारतीय नागरिकाने भारतातून भारतात जाण्यासाठी सकाळच्या फाटकाची वाट का पाहावी, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. दहग्रामच्या रहिवाशांच्या बाजूने बोलायला एक सरकार होते, एवढाच फरक दिसतो.

इस्रायलने पॅलेस्टिनी वेस्ट बँकमध्ये उभारलेल्या भिंतीचे उदाहरण येथे घेतले जाते, पण ते सावधपणे घ्यावे. तेथेही भिंत आणि 1949 ची युद्धविराम रेषा यांच्या मध्ये गावे अडकली, परवाने आले, फाटकांच्या वेळा आल्या. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 9 जुलै 2004 रोजी दिलेल्या सल्लागार मतात ती भिंत बेकायदा ठरली, त्याचे मुख्य कारण ती व्याप्त भूमीत होती. भारताचे कुंपण स्वतःच्या भूमीवर आहे, त्यामुळे ते मत येथे लागू पडत नाही. अधिक उपयोगी आहे तो त्याच्या नऊ दिवस आधी, 30 जून 2004 रोजी इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने बेत सुरिक गावाच्या प्रकरणात दिलेला निकाल. सुरक्षेचा हेतू त्या न्यायालयाने मान्य केला आणि तरीही शेतकऱ्यांना त्यांच्या शेतांपासून तोडणारा मार्ग प्रमाणबाह्य म्हणून त्याचा बराचसा भाग रद्द केला. भिंत वैध आणि तिची जागा अवैध, असा निकाल देता येतो हे त्यातून दिसले. आपल्याकडे कुंपण लवकर पूर्ण करा असे न्यायालये सांगतात. ते नेमके कोठून जावे, याची चिकित्सा क्वचितच होते.

गोळी

आतापर्यंतचे विवेचन नागरिकांपुरते होते. परक्या माणसाला प्रवेशाचा हक्क नसला तरी अनुच्छेद 21 त्याच्यासाठीही आहे. 7 जानेवारी 2011 च्या पहाटे कूचबिहार-कुडीग्राम सीमेवर एक 15 वर्षांची बांगलादेशी मुलगी वडिलांबरोबर शिडी लावून कुंपण ओलांडत होती. भारतात राहणारे हे कुटुंब तिच्या लग्नासाठी मायदेशी निघाले होते. तिचे कपडे तारेत अडकले, ती ओरडली आणि जवानाने गोळी झाडली. मृतदेह कित्येक तास कुंपणावर लटकत राहिला. सीमा सुरक्षा दलाच्या अंतर्गत न्यायालयाने आरोपी जवानास 2013 मध्ये निर्दोष ठरवले आणि फेरविचारानंतर 2015 मध्येही तोच निर्णय कायम राहिला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मात्र कुटुंबास पाच लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ती मुलगी भारतात शिरत नव्हती, भारत सोडून जात होती. अवैध वास्तव्य करणाऱ्याने निघून जावे हाच जर धोरणाचा हेतू असेल, तर निघून जाणारीवर गोळी चालवून कोणता हेतू साधला? प्राणघातक बळाचा वापर जीवितास तातडीचा धोका असतानाच करावा, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांनी 1990 मध्ये मांडले आहे आणि शिडीवर अडकलेल्या मुलीबाबत तसा धोका कल्पिणे कठीण आहे. येथे दोष तारेचा नाही. तारेपाशी घडलेल्या कृत्याचा निवाडा त्याच दलाच्या बंद न्यायालयात झाला, यात तो आहे.

या कुंपणाची गोष्ट 2025 मध्ये महाराष्ट्रापर्यंत पोहोचली. त्या वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रात मजुरी करणारे पश्चिम बंगालचे काही बंगालीभाषक रहिवासी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून ताब्यात घेतले गेले आणि सीमेवर नेऊन पलीकडे ढकलले गेले. पश्चिम बंगाल सरकारने कागदपत्रे पाठवल्यावर आणि दोन्ही देशांच्या सीमा दलांच्या अधिकाऱ्यांत बोलणे झाल्यावर ते परत आले. दिल्लीतून अशाच रीतीने पाठवल्या गेलेल्या एका गर्भवती महिलेच्या बाबतीत कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये परत आणण्याचा आदेश दिला. डिसेंबरमध्ये ती परतली, पण केंद्राने सर्वोच्च न्यायालयात तयारी दर्शवली ती ‘मानवतेच्या आधारावर’. चर मेघनाच्या फाटकावर जी गोष्ट रोज लहान प्रमाणात घडते, तिचेच हे मोठे रूप आहे. नागरिकत्व सिद्ध करण्याचा भार माणसावर, आणि सिद्ध झाल्यावर मिळते तीही मेहेरबानी.

उपाय कोणाच्या हाती

फाटकांच्या वेळा नियमांनी ठरवून बंगालीतून फलकावर लावणे, रुग्ण व प्रसूतीसाठी चौकीप्रमुखाने विनाविचारणा फाटक उघडण्याची तरतूद करणे, पंजाबच्या धर्तीवर वार्षिक भरपाई देणे आणि नकाराची लेखी नोंद ठेवून त्यावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील ठेवणे, एवढ्या गोष्टी उद्यापासून करता येतील. त्यांना ना पैसा फार लागतो, ना घटनादुरुस्ती. वस्ती कुंपणाच्या आत हलवण्याचा पर्याय अधूनमधून पुढे येतो. पण जमीन तेथेच ठेवून घर हलवले तर फाटक चुकत नाही, फक्त त्याची दिशा बदलते.

खरा उपाय म्हणजे वस्ती असेल तेथे कुंपणच शून्य रेषेच्या जवळ नेणे, एकेरी रांगेचे का होईना. काही ठिकाणी बांगलादेशाच्या संमतीने तसे झालेही आहे. मात्र त्यासाठी 1975 च्या तत्त्वांतून सूट हवी आणि ती ढाक्याच्या मर्जीवर अवलंबून आहे. जानेवारी 2025 मध्ये मालदा जिल्ह्यातील सुकदेवपूर येथे कुंपणाचे काम सुरू होताच बांगलादेशाच्या सीमारक्षकांनी हरकत घेतली, दोन्ही बाजूंचे गावकरी जमले आणि काम थांबले. 12 जानेवारीला ढाक्याने भारताच्या उच्चायुक्तांना पाचारण केले. दुसऱ्या दिवशी दिल्लीने बांगलादेशाच्या उपउच्चायुक्तांना बोलावून उत्तर दिले. दोन्ही निवेदनांत करारांचा, प्रथांचा आणि गुन्हेगारीचा उल्लेख होता. कुंपण कोठून गेले तर कोणाचे घर आत येईल आणि कोणाचे बाहेर राहील, याचा त्यांत मागमूस नव्हता.